ज्याला बूट बसला तो पोर्तुगीज

वसईचा किल्ला खाडीच्या तोंडाशी सपाट जमिनीवर आहे, हे नथू भोईरला जन्मापासून ठाऊक होतं. गेल्या दिवाळीपासून मात्र किल्ला डोंगरावर गेला. दिवाळीत तो सिनेमा आला. मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली त्या लढाईचा सिनेमा. त्यात किल्ला डोंगरावर होता, खाली हजार फुटांची दरी होती, खंदकात मगरी होत्या आणि पोर्तुगीज गव्हर्नरची मुलगी बुरुजावर उभी राहून चोख हिंदीत विरहगीत गात होती. तेव्हापासून पाचूबंदरला मासळी घ्यायला आलेली माणसंही किल्ल्यापाशी गाडी थांबवून विचारायची, "काका, वो खाई किधर है?" नथू आधी सरळपणे सांगायचा, की इथं दरी नाही, चिखल आहे. माणसांचे चेहरे उतरायचे, वर "तुम्हाला माहीत नसेल" हेही ऐकून घ्यावं लागायचं. मग तो नुसता हात करून "तिकडं" म्हणायला लागला. माणसं समाधानानं तिकडं जायची आणि भरतीच्या गाळात एकेक चप्पल घालवून परत यायची.

त्या सिनेमातली मोठी लढाई नथूच्या गावाशेजारीच झाली होती. खरा किल्ला दिग्दर्शकाला पसंत पडला नाही. भिंतीतून पिंपळ उगवलेले, बुरुज ढासळलेले. "किल्ल्यासारखा वाटत नाही," असं तो म्हणाला म्हणे. म्हणून मग गावाबाहेरच्या बंद मिठागरात प्लायवूडचा किल्ला उभा राहिला. किल्ला म्हटला की तो घेणारी आणि घालवणारी, दोन्हीकडची माणसं लागतात. आसपासच्या गावांत जो कोणी पायांवर उभा राहू शकत होता त्याला बोलावणं गेलं. नथू आणि मार्सेल लोपीस जोडीनं गेले.

हे दोघं साठी ओलांडलेले दोस्त. नथूची खाडीकाठी भातशेती, बांधापलीकडं मार्सेलची केळीची वाडी. वाडीतल्या बावखलात, म्हणजे गोड्या पाण्याच्या त्या मोठ्या खड्ड्यात, दोघं एकाच उन्हाळ्यात पोहायला शिकले आणि शाळेत एकाच इयत्तेत नापास झाले. नथूच्या घरी गणपती, मार्सेलच्या घरी नाताळ, करंज्या दोन्हीकडं.

मिठागरात कोण मराठा आणि कोण पोर्तुगीज हे ठरवायला कोणी इतिहासाचा जाणकार नव्हता, ड्रेसवाला होता. त्याच्याकडं मुंबईहून बुटांची गोणी आली होती आणि त्यातले सगळे बूट एकाच मापाचे निघाले, अरुंद आणि टोकदार. त्यानं कपाळाला हात लावला, मग माणसांना ओळीत बसवलं आणि बूट फिरवला. ज्याला बूट बसला तो पोर्तुगीज. ज्याला नाही बसला त्यानं अनवाणी धावायचं आणि हर हर महादेव म्हणायचं.

मार्सेलचे पाय जन्मभर वाडीत अनवाणी फिरून सुपासारखे पसरलेले. अंगठा आत गेला तर करंगळी बाहेर. मार्सेल मराठा झाला. नथूचे पाय मात्र पहिल्यापासून निमुळते. लग्नात त्याची बायको शकू म्हणाली होती, की जोडवी यांनाच घाला, शोभतील. त्याच्या पायात बूट असा सरकला की मापच त्याचं घेतलं असावं. "ये पक्का पोर्तुगीज है," असं म्हणून ड्रेसवाल्यानं त्याच्या डोक्यावर लोखंडी रंगाची टोपी दाबली.

झेंडा रोवायचं काम खरं तर दुसऱ्याच कोणाचं होतं. पण प्लायवूडवर काठी उभी राहीना. दर वेळी ती कलंडायची आणि हीरोच्या फेट्यावर पडायची. केळीला टेकू द्यायला बांबू रोवण्यात मार्सेलचा जन्म गेलेला. त्यानं पुढं होऊन काठी जरा फिरवली, बुडाशी टाच हाणली, आणि ती उभी राहिली. मग दिग्दर्शकानं त्यालाच मोठ्या मिशा चिकटवल्या. नथूच्या वाट्याला तटावरून खाली पडणं आलं. खाली गाद्या होत्या, पण लहानपणी बावखलात उडी मारताना नाक धरायची जी सवय लागली ती लागली. पडता पडता त्याचा हात आपसूक नाकाशी गेला. दिग्दर्शक खूश झाला. पोर्तुगीज कसे भेकड दिसतात, म्हणाला, आणि तेच ठेवलं.

सिनेमा लागला त्या पहिल्याच दिवशी अख्खं गाव थेटरात. नथूच्या शेजारी त्याचा मुलगा धनेश बसला होता, ही त्या दिवसाची खरी नवलाई. धनेश विरारला फुलपाड्यात फ्लॅट घेऊन राहायचा. गावी यायचा ते गणपतीला आणि नवा तांदूळ न्यायला. त्याच्या घरी एकदा ऑफिसातले पाहुणे असताना नथूनं सुनेला म्हटलं, "रीमा, जरा पानी दे." धनेश हसत म्हणाला, "पाणी म्हणा बाबा, पाणी." पाहुणेही हसले. नथूही हसला. पण त्यानंतर फुलपाड्याला गेला की तो भिंतीकडं बघत बसायचा, आणि हळूहळू जायचाच बंद झाला. एकुलता एक मुलगा, पाऊण तासाच्या वाटेवर, आणि बोलायला विषय नाही. हे नथूला फार लागायचं.

तर थेटरात लढाई सुरू झाली. तटावरून नाक धरून एक पोर्तुगीज पडला आणि अख्खं थेटर खदखदून हसलं. नथू खुर्चीत इतका खाली सरकला की पुढच्याच्या डोक्याआड पडदा दिसेना. तेवढ्यात बुरुजावर मागून सूर्य, फेटा, हातभर मिशा, आणि झेंडा उभा राहिला. मागून कोणी तरी ओरडलं, "अरे, आपला नथू!" मग काय, सगळं गाव उठलं. शिट्ट्या, टाळ्या. कोणाच्याच, अगदी मिठागरात लढून आलेल्यांच्याही, मनात शंका आली नाही. मराठी फेटा बांधून झेंडा लावणारा नथू भोईर नसेल तर काय मार्सेल लोपीस असेल? नथूनं "अरं, तो मी नाय" म्हणायला तोंड उघडलं, आणि त्याला कळलं की धनेशचा हात आपल्या खांद्यावर आहे.

तो हात किती वर्षांनी तिथं आला होता! नथूनं उघडलेलं तोंड मिटलं. दोन खुर्च्या सोडून मार्सेल बसला होता. त्यानं नथूकडं बघितलं, नथूनं पॉपकॉर्नकडं बघितलं, आणि मार्सेलही गप्पच राहिला.

नंतर धनेश दर रविवारी येऊ लागला. सोबत रीमा, कधी ऑफिसातले दोस्त. दोस्त नथूबरोबर फोटो काढायचे, विचारायचे, "काका, खंदकातल्या मगरी खऱ्या होत्या?" नथू म्हणायचा, "त्या जेवूनखाऊन सुस्त होत्या." थापा मारायला त्याला आता मजा यायला लागली होती. कोणी विचारलं, की तुमचे पूर्वज लढाईत होते का, तर आधी तो "असतील" म्हणायचा, मग "होते" म्हणायला लागला, आणि नाताळपर्यंत पूर्वजाचं नाव, घोड्याचा रंग आणि लढाईत लागलेली जखमही तयार झाली. शकू चुलीपाशी बसून सगळं ऐकायची आणि भाकरी थापता थापता म्हणायची, "आनि बूट चावून फोड आलेले ते त्या घोड्याला वाटतं?"

नथूच्या मिशा वाढत होत्या तसे मार्सेलचे हाल वाढत होते. गावच्या नाक्यावर पोरं "काय कॅप्टन!" म्हणून हाक मारायची. कोणी वाडीच्या कुंपणाशी गाडी थांबवून पोर्तुगीज भाषेतला फलक वाचून द्या म्हणायचं. मार्सेलला पोर्तुगीज तेवढीच येत होती जेवढी पाववाल्याला येते. एका शहाण्यानं तर विचारलं, "किल्ला पडल्यावर तुम्ही लोक परत का नाही गेलात?" मार्सेल म्हणाला, "जाणार होतो. पण केळफूल आलेलं होतं." त्याच्या पणज्याच्या पणज्यानंही याच मातीत केळी लावली होती. पण हे सांगायला सिनेमात कोणी नव्हतं, आणि सिनेमात नाही ते आता कुठंच नव्हतं.

एका संध्याकाळी नथू बांधावरून मार्सेलकडं निघाला होता. कुंपणाशीच त्याला मार्सेलची बायको थेरेसा हिचा आवाज ऐकू आला. "झेंडा लावलाय तुम्ही, आणि लोकांचं ऐकून घेताय पण तुम्हीच. त्या नथूभाऊला काही वाटत नाय?"

"अगं, त्याचा पोरगा घरी यायला लागलाय," मार्सेल म्हणाला. "आपला फ्लॉईड दुबईत. तो काय, फोनच्या काचेत येतो. एकाचा तरी दारात येतोय ना? येऊ दे."

नथू तिथूनच मागं फिरला. घरी येऊन जेवला नाही. शकूनं विचारलं तर म्हणाला, पोट भरलंय.

तशात सोनूभाऊ उगवला. हा आचोळ्याचा तरुण पुढारी. नगरसेवक व्हायची घाई, मंडळ स्वतःचं, आणि दर चौकात स्वतःचा हात जोडलेला फोटो. त्यानं विजयोत्सव जाहीर केला. "झेंडा रोवणारे आमचे नथूकाका" यांचा भव्य सत्कार, आणि नंतर स्टेजवर लढाई. "काका, डिट्टो पिक्चरसारखं पाहिजे," तो म्हणाला. "मागं डोंगर लावणार आहे, थर्माकोलचा. तुम्ही झेंडा लावायचा. आणि ते नाक धरून पडणारं कॉमेडी कॅरेक्टर आहे ना, ते मार्सेल अंकल करतील. शोभतं त्यांना."

"त्यांना कशाला?" नथू चाचरला.

"मग कोणाला? आडनाव लोपीस आहे त्यांचं. दुसरा पोर्तुगीज मी कुठून आणू?"

मार्सेलनं हो म्हटलं. वर नथूला म्हणाला, "पडायला काय लागतं रे? तू पडलास, मी पडतो. फिटंफाट." हे ऐकून तर नथूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धनेशला सांगून टाकावं असं त्या आठवड्यात त्याला कितीदा तरी वाटलं. पण सांगितलं की रविवार गेला. मग फुलपाड्याची भिंत, आणि गणपतीपर्यंत वाट.

कार्यक्रमाला आचोळ्याचं मैदान फुल्ल. पुढच्या रांगेत धनेश, रीमा आणि धनेशचं अर्धं ऑफिस. नथूला शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि सोनूभाऊनं माईकवर त्याच्या त्या पूर्वजाचं चरित्र सांगितलं, घोड्याच्या रंगासकट. नथूनं मागं कधी तरी मारलेली थाप कोणाच्या ना कोणाच्या तोंडून फिरत फिरत इथवर आली होती, आणि येता येता तिला दोन लढाया जास्त चिकटल्या होत्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नथू नारळाची शेंडी उपटत राहिला.

मग लढाईची तयारी. कनातीमागं नथू फेटा आणि मिशा लावून बसला. समोर मार्सेलला पोर्तुगीज करायचं चाललं होतं. सोनूभाऊनं कपडे भाड्यानं आणले होते आणि बूट आले होते पुन्हा तसलेच, अरुंद, टोकदार. ते मार्सेलच्या पायात जाणं शक्यच नव्हतं. मंडळाच्या एका पोरानं पावडर टाकली. दुसऱ्यानं खोबरेल लावलं. तिसरा बसून ओढायला लागला, चौथा मार्सेलला मागून धरून ढकलायला लागला. मार्सेलचा चेहरा लालबुंद झाला, करंगळी सोलली, पण तो हूं की चूं करत नव्हता.

"काय अंकल," सोनूभाऊ वैतागला, "पोर्तुगीज असून बूट घालता येत नाही?"

मंडळाची पोरं हसली. मार्सेलही हसला. ते हसणं नथूनं ओळखलं. पाहुण्यांसमोर आपण हसलो होतो ते हेच.

नथू उठला. आधी मिशा उपटल्या. डिंक कडक होता, डोळ्यांत पाणी आलं. फेटा काढून मार्सेलच्या डोक्यावर ठेवला. मग खाली बसला, बूट घेतले आणि दोन्ही पायांत असे सरकवले की ओढाओढी करणारी पोरं बघतच राहिली. ती काही बोलायच्या आत तो स्टेजवर गेला आणि माईकपाशी उभा राहिला.

"ऐका," तो म्हणाला. "पिक्चरमदी झेंडा मी नाय लावला. तो या मार्सेलनं लावला. मी तो नाक धरून पडलेला. घोडाबिडा सगलं खोटं. आमच्याकडं बैल होता, तोपन मारका."

नथूनं धनेशकडं बघायचं टाळलं. आता शाल काढून घेतील, आणि मुलगाही जाईल, असं समजून तो मान खाली घालून उभा राहिला.

पण पुढाऱ्याचं डोकं फार चपळ असतं. सोनूभाऊनं धावत येऊन माईक हातात घेतला. त्याचा गळा दाटून आला होता, निदान तसा आवाज तरी त्यानं काढला. "मित्रांनो, हा आहे मनाचा मोठेपणा! स्वतःचा पराक्रम मित्राच्या पदरात टाकायला वाघाचं काळीज लागतं! बोला, नथूकाका की जय!"

मैदान उसळलं. बायकांनी डोळे पुसले.

"अवो, मी खरं सांगतोय!" नथू ओरडला.

"बघा, अजूनही नम्रता सोडत नाहीत!" सोनूभाऊ म्हणाला, आणि टाळ्या दुप्पट झाल्या. नथूनं पुन्हा सांगितलं, शपथ घेतली, बूट वर करून दाखवले. जितकं खरं सांगावं तितका तो मोठा होत गेला. शेवटी मार्सेल त्याच्या कानाशी लागला, "सोड रे नथू. यांनी तिकीट काढून बघितलंय. तुझं फुकटचं कोण ऐकतो?"

मग लढाई झाली. मार्सेल मिशा लावून अनवाणी चढला, काठी फिरवली, टाच हाणली. थर्माकोलचा डोंगर हलला पण झेंडा हलला नाही. नथू तटावरून पडला. हात नाकाशी गेला तो गेलाच. लोक पोट धरून हसले. दुसऱ्या दिवशी चौकात जो बॅनर लागला त्यावर मिशांतला मार्सेल होता आणि खाली नाव होतं, त्यागमूर्ती नथू भोईर. तो बॅनर बरेच दिवस होता.

पण ते दुसऱ्या दिवशीचं. त्या संध्याकाळी नथू कनातीमागं एकटाच खुर्चीवर बसला होता. पाय सुजले होते, बूट निघत नव्हते. धनेश आत आला. खाली बसला, बापाचा पाय मांडीवर घेतला आणि बूट हळूहळू सोडवायला लागला.

"धनेश, तो झेंडा खरंच माझा नव्हता," नथू म्हणाला.

"माहीत आहे."

"तुला तरी पटलं का, आता सांगितलं ते?"

"आता नाही. थेटरातच कळलं होतं," धनेश म्हणाला. "नाक धरून पडणारा पोर्तुगीज जगात दुसरा कोण असणार? मला बावखलात पोहायला कोणी शिकवलं?"

नथूनं विचारलं, "मंग बोलला का नाय?"

"तुम्ही खुशीत होतात. त्या दिवशी पाहुण्यांसमोर मी जे बोललो, त्यानंतर तुम्ही माझ्याशी धड बोलतच नव्हतात बाबा. एकदम मगरी काय, घोडे काय... मला वाटलं, बोलतायत तर बोलू द्यावं."

एक बूट निघाला. टाचेवर फोड आला होता. धनेशनं त्यावर फुंकर घातली.

"पन तू माझ्या खांद्यावर हात ठेवला होता," नथू म्हणाला. "तो झेंडा बघून."

"झेंडा नंतर आला, बाबा."

नथूनं आठवून बघितलं. अंधार होता. सगळं थेटर हसत होतं आणि तो खुर्चीत खाली खाली सरकत होता. पडद्यावर अजून ना फेटा आला होता, ना मिशा, ना सूर्य. आणि हात तेव्हाच खांद्यावर होता. त्यानं धनेशच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

बाहेर सोनूभाऊ माईकवरून लोकांना अजून इतिहास सांगत होता.